टॉर्क कन्व्हर्टरचा जनक: हर्मन फ्योटिंगर आणि तेलाचा प्रश्न

ड्रॅग रेसच्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्यात तेल कोणतं घालायचं, यावर अमेरिकेत आजही हिरीरीने वाद होतात. शर्यत केवढी? पाव मैल, म्हणजे जेमतेम ४०२ मीटर. गंमत म्हणजे ज्या यंत्रामुळे हा वाद सुरू झाला, त्यात सुरुवातीला तेल नव्हतंच. साधं पाणी होतं, आणि ते यंत्र होतं जहाजासाठी.

ते बनवणारे हर्मन फ्योटिंगर ९ फेब्रुवारी १८७७ रोजी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला जन्मले. म्युनिकला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकून १८९९ मध्ये ते श्टेटिनच्या व्हल्कान जहाज कारखान्यात लागले. (हे गाव आता पोलंडमध्ये आहे.)

तेव्हा जहाजांत वाफेची टर्बाइन नुकती येत होती. अडचण अशी की टर्बाइनला प्रचंड वेगाने फिरायला आवडतं, आणि जहाजाचा पंखा तेवढ्या वेगाने फिरवला तर तो नुसतं पाणी घुसळतो. मध्ये गिअर टाकावेत, तर एवढी ताकद पेलणारे मोठे गिअर तेव्हा नीट बनत नव्हते. फ्योटिंगर यांनी आधी विजेचा मार्ग तपासला: टर्बाइनवर जनरेटर, त्याच्या विजेवर मोटर, मोटरवर पंखा. पण हे सगळं फार जड आणि महाग. मग त्यांनी विजेच्या जागी पाणी आणलं. एक पंप पाणी फेकणार, त्या पाण्यावर दुसरं चाक फिरणार. मधल्या नळ्यांत ताकद वाया जाते ना? मग नळ्याच काढून टाका! दोन्ही चाकं एकाच डब्यात समोरासमोर बसवा. १९०५ मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं.

खरी करामत तिसऱ्या चाकात आहे. ते फिरत नाही. परतणाऱ्या पाण्याची दिशा तेवढी बदलतं. त्यामुळे बाहेर पडणारा टॉर्क आत दिलेल्यापेक्षा जास्त मिळू शकतो. हे चाक काढलं तर उरतं साधं फ्लुइड कपलिंग, म्हणजे जेवढा टॉर्क द्याल तेवढाच पुढे.

१९१३ चं 'क्योनिगिन लुईझे' जहाज याच यंत्रावर चालायचं. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्टला, सुरुंग पेरताना ब्रिटिशांनी ते बुडवलं. पुढे चांगले गिअर बनू लागले आणि जहाजांत या यंत्राची गरज संपली. तोवर फ्योटिंगर डान्झिगला प्राध्यापक झाले होते; १९२४ पासून ते बर्लिनला शिकवू लागले.

त्यांच्या कल्पनेला खरं घर मिळालं ते मोटारीत. १९४० च्या ओल्डस्मोबिलमधल्या हायड्रामॅटिकमध्ये फ्लुइड कपलिंग होतं. टॉर्क कन्व्हर्टरवाली ब्यूइकची डायनाफ्लो १९४८ ची, शेवरोलेची पॉवरग्लाइड १९५० ची. या दोन्ही त्यांना पाहता आल्या नाहीत. २८ एप्रिल १९४५ ला, बर्लिनच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून ते गेले. युरोपातलं युद्ध संपायला दहा दिवस उरले होते.

पॉवरग्लाइडचे दोनच गिअर, पण दणकट. म्हणून ड्रॅगवाल्यांची ती आजही लाडकी. आणि तेलाचा प्रश्न इथेच येतो. सुटण्याआधी गाडी जागेवर धरून इंजिन रेटलं जातं. चाकं थांबलेली, म्हणजे इंजिनची सगळी ताकद कन्व्हर्टरमधलं तेल घुसळण्यात जाते आणि तेल काही सेकंदांत तापतं. त्यात फेस झाला की हवा शिरते, ताकद नीट पुढे जात नाही. शिवाय याच तेलाने गिअर बदलणाऱ्या क्लच प्लेट दाबायच्या, त्या थंड ठेवायच्या आणि घासूही द्यायच्या नाहीत. फ्योटिंगर यांच्या पाण्याला ही कामं नव्हती!

जनरल मोटर्सच्या डेक्स्रॉन जातीच्या तेलात घर्षण मऊ करणारी रसायनं असतात. गिअर बदललेला कळत नाही, कारण प्लेट क्षणभर घसरत घसरत पकडतात. घरच्या गाडीला हे उत्तम. शर्यतीत मात्र ती घसरण म्हणजे वाया गेलेला वेळ आणि जळणाऱ्या प्लेट. म्हणून जुन्या गिअरबॉक्समध्ये बरेच जण फोर्डचं टाइप एफ घालतात. त्यात ही रसायनं नसतात, त्यामुळे प्लेट खटकन पकडतात. पण ही युक्ती सरसकट वापरू नका. कन्व्हर्टरमध्ये लॉकअप क्लच असलेले नवे गिअरबॉक्स मऊ घर्षण गृहीत धरून बनवलेले असतात. तिथे टाइप एफ घातलं तर गाडी थरथरू लागते. आधी प्लेट कोणत्या तेलासाठी बनल्या आहेत ते बघा, मग डबा उघडा.