डॉक्टर हॉवर्ड सॉमरवेल

आपल्या तालुक्यातील प्रतापगडाचा डोंगर शाळेतील बहुतेक मुले एकदा तरी चढून आली असतील. अर्ध्या वाटेवर सोबत्यास दम लागला म्हणजे आपण थांबावे की पुढे जावे, हा प्रश्न तेथेही पडतो. ज्या गृहस्थांचे चरित्र येथे सांगावयाचे योजिले आहे त्यांच्यापुढे हाच प्रश्न २३,००० फूट उंचीवर, बर्फाच्या उतरणीवर उभा राहिला होता.

थिओडोर हॉवर्ड सॉमरवेल यांचा जन्म १६ एप्रिल १८९० रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील केंडल या गावी झाला. घरचा जोड्यांचा मोठा कारखाना होता. परंतु मुलाचा ओढा दुकानापेक्षा डोंगरांकडे अधिक. केंब्रिजला शास्त्रविषयांत उत्तम यश मिळवून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज इस्पितळात वैद्यकी शिकले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये लष्करी वैद्य होते. १९१६ साली सोमच्या लढाईत तंबूतल्या मोजक्या शस्त्रवैद्यांपुढे शेकडो जखमी शिपाई शेतात ओळीने पडलेले त्यांनी पाहिले. माझी पाळी आधी घ्या, असे त्यांपैकी कोणीही म्हटले नाही. हे दृश्य त्यांच्या मनातून पुढे कधी गेले नाही, व युद्धाविषयी कायमची घृणा मात्र राहिली.

१९२२ साली एव्हरेस्टवर जाणाऱ्या मंडळीत त्यांची निवड झाली. त्या काळी नेपाळचा मार्ग परकीयांस बंद असल्यामुळे दार्जिलिंगहून सिक्कीम ओलांडून तिबेटच्या पठारावरून जावे लागे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तापलेली वाळू येते; तिबेटचे पठार हे थंडीचे वाळवंट होय. पाऊस अगदी थोडा, झाड दिसावयाचे नाही, दिवसभर धुळीचा बोचरा वारा आणि रात्री तंबूत पाणी गोठावे अशी थंडी. याच ओसाड प्रदेशात आठवड्यांमागून आठवडे मुक्काम करीत मंडळी चालली. सॉमरवेल मात्र चित्रकलेचे साहित्य बरोबर बाळगून वाटेत चित्रे काढीत, व तिबेटी लोकांची गाणी ऐकून त्यांचे सूर टिपून ठेवीत. पुष्कळांस त्या प्रदेशात कंटाळवाणा उजाडपणाच दिसला. यांस रंग दिसले.

त्या वर्षी २१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन व सॉमरवेल प्राणवायूच्या नळ्यांवाचून सुमारे २७,००० फुटांपर्यंत पोहोचले. पुढे ७ जून रोजी नव्याने पडलेल्या बर्फावरून पुन्हा चढत असता कडा सुटला व सात हमाल त्याखाली गाडले गेले. वर होते ते साहेब लोक वाचले. आपल्या निर्णयाची किंमत या गरीब माणसांनी दिली, त्यांच्यासोबत आपल्यापैकी एखादा तरी का गेला नाही, या विचाराने सॉमरवेल यांस फार दुःख झाले. सोहळे व सत्कार पुष्कळ झाले, पुढे ऑलिंपिकचे पदकही मिळाले. पण त्या सात जणांचा हिशेब पदकाने फिटणारा नव्हता.

परत जाण्यापूर्वी हिंदुस्थान पाहावा म्हणून ते दक्षिणेस फिरत गेले. नेय्यूर हे गाव तेव्हा त्रावणकोर संस्थानात होते, आज ते तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. तेथील लंडन मिशनच्या इस्पितळात शस्त्रक्रियेसाठी रोग्यांची रीघ लागलेली, आणि शस्त्रवैद्य म्हणावा तर थकून गेलेले डॉक्टर प्यू हे एकटेच. सॉमरवेल यांनी त्यांच्या हाताशी काम केले. लंडनात नावलौकिकाची जागा त्यांची वाट पाहत होती; ती सोडून त्यांनी नेय्यूर पत्करले. देवाचे पाचारण म्हणतात ते पुष्कळदा असे साध्या रांगेच्या रूपानेच येते, असे मला वाटते.

१९२४ साली ते नेय्यूरहून पुन्हा एव्हरेस्टवर गेले. चार हमाल उत्तर खिंडीतील छावणीत अडकून पडले होते; खालच्या उतरणीवर नवे बर्फ पडल्याने उतरावयास भीत होते. नॉर्टन, मॅलरी व सॉमरवेल या तिघांसही खोकल्याने बेजार केले होते. तरी २४ मे रोजी ते तिघे वर निघाले. शेवटच्या तिरप्या वाटेने सॉमरवेल कमरेस दोर बांधून पुढे गेले. मागून दोघे सोबती दोर सोडीत होते. हमालांपर्यंत पोहोचण्यास सुमारे दहा वार उरले असता दोर संपला! पहिले दोघे हमाल कसेबसे त्यांच्यापर्यंत आले. पुढचे दोघे एकदमच निघाले, घसरले, आणि कड्याच्या अगदी काठाशी थांबले. सॉमरवेल यांनी आधीच्या दोघांस शांतपणे मागे सोबत्यांकडे पोहोचविले. नंतर स्वतःच्या कमरेचा दोर सोडला, बर्फात कुऱ्हाड रोवून तिच्याभोवती तो फिरविला, व एका हाताने दोराचे टोक धरून दुसऱ्या हाताने एकेकास मानगुटीस धरून वर ओढले. चौघेही वाचले. मॅलरी शिखरावर पोहोचले की नाही, याविषयी जग शंभर वर्षे वाद घालीत आहे. मला तर त्या मोहिमेतील सर्वांत उंच जागा हीच दिसते.

नंतर ३ जून रोजी लाक्पा छेदी, नर्बू यिशे व सेमचुम्बी या तीन हमालांनी २६,८०० फुटांवर एक लहानसा तंबू पोहोचविला. त्यात नॉर्टन व सॉमरवेल दोघेच राहिले. रात्री थर्मासचे बूच निघून सारे पेय सांडले, म्हणून सकाळी पुन्हा बर्फ वितळवीत बसावे लागले. एवढ्या मोठ्या कार्यातही असल्या क्षुल्लक गोष्टी आडव्या येतात! सॉमरवेल यांचा घसा इतका बिघडला की सुमारे २८,००० फुटांवर ते बसले व नॉर्टन यांस पुढे जाण्यास त्यांनीच सांगितले. नॉर्टन २८,१२६ फुटांपर्यंत जाऊन परतले. उतरताना सॉमरवेल यांच्या घशात काही अडकून श्वास बंद झाला. नॉर्टन पुढे गेले होते. मागे चित्र काढीत बसले असतील, अशी त्यांची समजूत. आता मरण आले असे जाणून सॉमरवेल बर्फात बसले, आणि शेवटचा प्रयत्न म्हणून दोन्ही हातांनी छाती दाबली. थंडीने मेलेले घशातील अस्तर रक्तासह बाहेर पडले व श्वास मोकळा झाला. त्यानंतर अंधारात ते सोबत्यास जाऊन मिळाले.

मॅलरी व अर्विन ८ जून रोजी शेवटच्या चढाईस निघाले, तेव्हा सॉमरवेल यांचा छोटा कॅमेरा मॅलरींपाशी होता असे मानतात. मॅलरींचा देह १९९९ साली सापडला. त्यापाशी कॅमेरा नव्हता.

सॉमरवेल नेय्यूरला परतले. १९२५ साली त्यांचा विवाह झाला. पोटातील व्रणाचा विकार त्या भागात फार. त्यावरील शस्त्रक्रियेत ते निष्णात झाले. १९३८ साली सरकारने कैसर-ई-हिंद पदक दिले. वीसहून अधिक वर्षे नेय्यूरला काढून नंतर ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले, ते १९६१ पर्यंत. त्यांचे हात ज्यांनी पाहिले असे कित्येक विद्यार्थी पुढे देशभर शस्त्रवैद्य झाले. इंग्लंडला गेल्यावर गिर्यारोहकांच्या आल्पाइन क्लबने त्यांस अध्यक्ष केले. २३ जानेवारी १९७५ रोजी ते प्रभूकडे गेले. नेय्यूरचे इस्पितळ आजही चालू आहे, व रोगी आजही दाराशी पाळीची वाट पाहतात.