पन्नास हजार पत्रांचा धनी

मॅच चालू असताना कॉमेंटेटरवर वैतागायला आपल्याला किती वेळ लागतो? फोन हातातच असतो. अंगठा हलला की काम झालं. आता जरा शंभर वर्षं मागे जाऊ या. कॉमेंटेटरला काही सांगायचं असेल तर आधी कागद शोधा, दौत-टाक काढा, पत्र लिहा, पाकीट बंद करा, दोन सेंटचं तिकीट चिकटवा आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जा. एवढा खटाटोप कोण करणार?

१९२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत हा खटाटोप जवळपास पन्नास हजार वेळा झाला, आणि तोही एकाच माणसासाठी. त्याचं नाव ग्रॅहम मॅकनामी. तो ना खेळाडू होता, ना सिनेमातला नट. बेसबॉलच्या मैदानात माइकसमोर बसून तो समोर काय चाललंय ते सांगायचा. बस्स, एवढंच.

पण हे ‘एवढंच’ त्याच्याआधी फारसं कुणी केलेलं नव्हतं.

आईला हवा होता गायक

ग्रॅहमचा जन्म १० जुलै १८८८ चा, वॉशिंग्टन शहरातला. वडील वकील. लहानपण गेलं मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलमध्ये. मुलानं वकील व्हावं असं वडिलांना वाटे. आईचं मात्र वेगळंच. ती स्वतः गायची आणि मुलानंही गावं असा तिचा ध्यास. मुलाला स्वतःला विचाराल, तर तो बेसबॉल आणि आइस हॉकी खेळण्यात दंग. पुढे रेल्वे कंपनीत कारकुनी झाली, मांसविक्रीच्या कंपनीत सेल्समनगिरीही झाली. कशातच जीव रमेना. शेवटी आईचंच खरं झालं. गाणं शिकायला तो न्यूयॉर्कला आला.

गळा चांगला होता. चर्चमध्ये गायचा, मैफली करायचा. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये त्याचा स्वतंत्र कार्यक्रम झाला आणि पेपरांनी कौतुकही केलं. पुढच्या वर्षी जोसेफिन गॅरेट या गायिकेशी लग्न झालं. आता घरात दोन गायक! पण गाण्याचा धंदा हंगामी. उन्हाळा आला की मैफली बंद, आणि मैफली बंद की खिसा रिकामा. चांगला गाणारा असणं वेगळं आणि त्यावर घर चालणं वेगळं, हे ज्याला कळलंय त्याला ग्रॅहमची तेव्हाची अवस्था सांगायला नको.

जेवणाच्या सुटीत मिळालेली नोकरी

१९२३ चा मे महिना. ग्रॅहमला कोर्टात ज्यूरी म्हणून बसण्याचं बोलावणं आलं. दिवसाला तीन डॉलर मिळायचे. एके दिवशी दुपारच्या सुटीत तो ब्रॉडवेवरून चालला होता. १९५ नंबरच्या इमारतीत ‘डब्ल्यूईएएफ’ नावाचं रेडिओ केंद्र होतं. रेडिओ तेव्हा अगदी नवा. अमेरिकेत व्यावसायिक प्रसारण सुरू होऊन तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती. गाणाऱ्याला काही काम मिळतंय का बघावं, म्हणून तो आत शिरला. त्यांनी आवाज ऐकला आणि ठेवून घेतलं. निवेदन करायचं आणि वेळ पडली तर गायचंसुद्धा, असं ते काम. वय होतं चौतीस. हल्लीच्या हिशेबानं करिअर ‘सेट’ असायला हवं, अशा वयात या गड्यानं शून्यापासून सुरुवात केली.

त्याच ऑगस्टमध्ये हॅरी ग्रेब आणि जॉनी विल्सन यांच्या मुष्टियुद्धाच्या लढतीचं वर्णन त्याच्या गळ्यात पडलं. आणि ऑक्टोबरात आली ‘वर्ल्ड सिरीज’. क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर अमेरिकेतल्या दोन बेसबॉल लीगचे विजेते हंगामाच्या शेवटी एकमेकांशी भिडतात. सात सामन्यांची मालिका, चार जिंकेल तो राजा. वर्णनाची मुख्य जबाबदारी नामवंत क्रीडा पत्रकारांकडे होती, ग्रॅहम मदतनीस. पत्रकार मंडळी लिहिण्यात तरबेज, पण माइकसमोर त्यांचं बोलणं कोरडं व्हायचं. चेंडू टाकला, टोलवला, बाद झाला, की पुढचा चेंडू येईपर्यंत शांतता. मालिका अर्ध्यावर असतानाच माइक ग्रॅहमकडे आला.

त्यानं काय केलं? ती शांतता भरून काढली. बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मधे बराच वेळ जातो. त्या वेळात तो आभाळ कसं आहे ते सांगायचा. गर्दीतल्या टोप्या, पिचरचा चेहरा, कोण महत्त्वाचा पाहुणा येऊन बसलाय, सगळं सांगायचा. स्वतःला आनंद झाला तर ओरडायचा. गायकाचा आवाज तो, चढायचा कुठे आणि थांबायचं कुठे हे त्याला शिकवावं लागलं नाही.

रेडिओला डोळे नव्हते

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? थोडा विचार करा. स्टुडिओत किंवा मैदानात बसलेल्या माणसाला आपलं कोण ऐकतंय, किती जण ऐकतायत, काहीच कळत नव्हतं. श्रोते मोजण्याची पद्धतशीर पाहणी अमेरिकेत सुरू झाली ती १९३० मध्ये. तोवर रेडिओवाल्यांकडे एकच मोजपट्टी होती, पोस्टमनच्या पिशवीचं वजन. बाजारात खास छापील कार्डंसुद्धा मिळायची. कार्यक्रम आवडला की त्यावर दोन ओळी खरडून केंद्राला पाठवायचं. टाळ्या वाजवण्याची ही तेव्हाची रीत, कारण घरात बसून वाजवलेल्या टाळ्या रेडिओला ऐकू जात नव्हत्या.

आणि पत्र लिहिणारे कोण होते? मैदान ज्यांच्यापासून शेकडो मैल दूर होतं, असे. शेतावर राहणारे, अंथरुणाला खिळलेले, डोळ्यांनी न दिसणारे. वर्ल्ड सिरीज हा शब्द त्यांनी पेपरात वाचला होता किंवा दुसऱ्याकडून वाचून घेतला होता. आता सामना चालू असताना त्यांना तो त्याच क्षणी कळत होता. तक्रारीही यायच्या हो! तू अमक्या संघाच्या बाजूनं बोलतोस, असा आरोप एका गावातून झाला की दुसऱ्या गावातून बरोबर उलटा आरोप यायचा. चाहते ते चाहतेच, शंभर वर्षांपूर्वीचे असोत की आजचे.

१९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलं. उमेदवार ठरेना. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, मतदानाच्या १०३ फेऱ्या! ग्रॅहम तिथेही माइकला चिकटून होता. १९२५ च्या मार्चमध्ये अध्यक्ष कूलिज यांचा शपथविधी रेडिओवरून देशभर ऐकवला गेला, तेव्हाही हाच आवाज. आणि मग आली ती पन्नास हजार पत्रांची वर्ल्ड सिरीज.

कॅच होता की नव्हता?

पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध वॉशिंग्टन सेनेटर्स. तिसरा सामना १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये झाला. आठव्या इनिंगमध्ये पिट्सबर्गच्या अर्ल स्मिथनं उंच फटका मारला. सॅम राइस हा वॉशिंग्टनचा खेळाडू मागे धावला, उडी मारली आणि चेंडूसकट थेट प्रेक्षकांत जाऊन पडला. दिसेनासाच झाला. काही सेकंदांनी वर आला तेव्हा चेंडू हातात. अंपायरनं बाद दिलं. पिट्सबर्गवाले चवताळले. हातातून निसटलेला चेंडू कुणा प्रेक्षकानं परत दिला नाही कशावरून? खचाखच भरलेलं मैदान, आणि नक्की काय झालं हे सांगणारा एकही नाही. रिप्ले नाही, स्लो मोशन नाही. आणि अशा वेळी देशभरातल्या रेडिओसमोर बसलेल्यांना काहीतरी सांगणं भाग होतं.

वॉशिंग्टननं मालिकेत ३-१ अशी आघाडी घेतली. सात सामन्यांच्या वर्ल्ड सिरीजमध्ये तिथून तोवर कुणीच परतलं नव्हतं. पिट्सबर्ग परतलं. सातवा सामना भर पावसात, चिखलात आणि अंधूक उजेडात खेळला गेला. वॉल्टर जॉन्सन हा वॉशिंग्टनचा थोर पिचर, पहिल्याच इनिंगमध्ये त्याला चार धावांची गादी मिळाली होती. तरी आठव्या इनिंगमध्ये काइकाय कायलरच्या फटक्यानं सगळं फिरलं. पिट्सबर्ग ९-७ नं जिंकलं. चिखलात माखलेला तो सामना लाखो घरांत कोरड्या जागी बसून लोकांनी अनुभवला. त्यानंतर पोस्टाच्या थैल्या यायला लागल्या.

हिशेब करून बघा. रोज दहा पत्रांना उत्तर द्यायचं ठरवलं असतं, तर ग्रॅहमला जवळपास पावणेचौदा वर्षं लागली असती.

शेजारी बसलेला टीकाकार

पण सगळेच खूश नव्हते. प्रेस बॉक्समधले पत्रकार त्याच्यावर सतत दात खाऊन असायचे. त्याला बेसबॉलचे बारकावे कळत नाहीत, नावं चुकतात, आकडे चुकतात, साध्या झेलाचं नाटक करतो. रिंग लार्डनर या विनोदी लेखकानं तर लिहून टाकलं की आज दोन सामने झालेले दिसतात, एक मी पाहिला तो आणि दुसरा मॅकनामीनं सांगितला तो.

हसू येतं, पण टोमणा खरा होता. ग्रॅहम चुकायचा. आपण खेळाचे तज्ज्ञ नाही हे तोही लपवत नव्हता. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. लार्डनर सामना बघू शकत होता. पत्र लिहिणाऱ्यांना ती सोय नव्हती. शेजारच्या खुर्चीवरच्या जाणकारासाठी बोलायचं की पाचशे मैलांवरच्या अंथरुणातल्या माणसासाठी, हा प्रश्न ग्रॅहमसमोर रोज होता. त्यानं दूरचा माणूस निवडला. त्या निवडीची किंमत चुकांच्या रूपानं मोजली आणि टोमणे खाल्ले.

पुढची काही वर्षं त्याचीच होती. १ जानेवारी १९२७ ला रोझ बाउल फुटबॉल सामन्याचं पहिलं किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचं प्रसारण झालं, निवेदक तोच. अटलांटिक एकट्यानं ओलांडून परतलेल्या लिंडबर्गचं वॉशिंग्टनमधलं स्वागत, सांगणारा तोच. त्याच सप्टेंबरात शिकागोत डेम्प्सी आणि टनी यांची गाजलेली लढत झाली. टनी पडला, पण डेम्प्सी ठरलेल्या कोपऱ्यात जायला उशीर करत राहिला आणि मोजणी लांबली. त्या रात्री रेडिओ ऐकता ऐकता हृदय बंद पडून काही श्रोते दगावल्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी पेपरात आल्या. शब्दांना किती वजन असतं, हे याहून वेगळं काय सांगायचं?

माइक दुसऱ्याकडे जातो तेव्हा

काळ मात्र थांबत नाही. १९३० नंतर खेळाचा अभ्यास असलेले तरुण निवेदक आले. श्रोतेही जाणकार झाले. ज्यांना बेसबॉल समजवावा लागत होता, तेच आता चुका काढायला लागले. यातली गंमत अशी की त्यांना हा खेळ ऐकायला शिकवणाऱ्यांत ग्रॅहमच पुढे होता. १९३५ च्या वर्ल्ड सिरीजला माइकसमोर तो नव्हता. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजवर पहिल्यांदाच ऐकू आला रेड बार्बर, शांत, अचूक, तोलून बोलणारा. पुढे याच बार्बरनं ग्रॅहमचं मोठेपण मोकळ्या मनानं मान्य केलं.

ग्रॅहम घरी बसला नाही. एड विन या विनोदवीराच्या कार्यक्रमात तो त्याचा जोडीदार झाला. एकेकाळचा देशाचा आवाज आता दुसऱ्याच्या विनोदावर खळखळून हसत होता, आणि लोकांना ते हसूही आवडत होतं. चित्रपटगृहांतल्या वार्तापटांना त्यानं आवाज दिला. १९४२ च्या एप्रिलपर्यंत तो रेडिओवर होता. मग आजारी पडला आणि ९ मे १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेला. वय अवघं ५३.

कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमनं निवेदकांसाठीचा फोर्ड फ्रिक पुरस्कार त्याला दिला २०१६ मध्ये. मृत्यूनंतर ७४ वर्षांनी! उशीर व्हायला एक साधं कारणही असावं. त्याच्या सुरुवातीच्या प्रसारणांचं ध्वनिमुद्रण जवळजवळ उरलेलं नाही. बोलला, हवेत गेलं, संपलं. तो किती चांगला होता हे आज आपण ऐकून ठरवू शकत नाही. त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला आहे ती पत्रांची संख्या.

आणि हो, तो सॅम राइसचा कॅच! राइसला आयुष्यभर लोक विचारत राहिले. तो एवढंच सांगायचा की अंपायरनं बाद दिलं होतं. शेवटी त्यानं एक पत्र लिहिलं, पाकीट बंद केलं आणि आपण गेल्यावरच उघडा असं सांगून हॉल ऑफ फेमच्या स्वाधीन केलं. १९७४ मध्ये तो वारला, तेव्हा पाकीट फोडलं. चेंडू आपल्या हातून कधीच सुटला नव्हता, असं त्यात लिहिलेलं होतं.

त्या मालिकेचं ते शेवटचं पत्र म्हणायला हवं. ज्या माणसानं तो क्षण देशाला पहिल्यांदा सांगितला, त्याला मात्र ते वाचायला मिळालं नाही.