छडीही नको, बक्षीसही नको! वकिली सोडून बालमंदिरात गेलेल्या गिजुभाईंची शिस्त नेमकी कशी होती?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ अगदी स्पष्ट आहे. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरीही पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. छडी गेली, अंगठे धरून उभं करणं गेलं, मग वर्गात शिस्त लावायची तरी कशी?

या प्रश्नावर सुमारे शंभर वर्षांपूर्वी भावनगरमधल्या एका माणसानं आयुष्याची वीस वर्षं घालवली. तो शिक्षक नव्हता, वकील होता. नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. सगळे त्यांना गिजुभाई म्हणत.

वकील शाळेत कसा पोहोचला?

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातल्या चित्तळ या गावी झाला. १९०७ मध्ये ते पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेले, दोन वर्षांनी परतले, मुंबईत कायदा शिकले आणि वकिली करू लागले. कदाचित आयुष्यभर वकीलच राहिले असते. पण १९१३ मध्ये मुलगा झाला आणि याला कोणत्या शाळेत घालायचं, हा घरचा प्रश्न उभा राहिला. आजूबाजूच्या शाळांत धाक आणि पाठांतर यापलीकडे फारसं काही नव्हतं.

शोधाशोधीत मोतीभाई अमीन या शिक्षणप्रेमी गृहस्थांच्या ओळखीतून इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या हाती आले. १९१६ मध्ये वकिली सोडून गिजुभाई नानाभाई भट्ट यांच्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले. १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. दोन वर्षांनी टेकडीवर त्याची स्वतंत्र इमारत झाली, तिचं उद्घाटन कस्तुरबा गांधींनी केलं. मिशा असलेल्या या गुरुजींना लोक कौतुकानं ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

मग नियम नव्हतेच का?

होते. इथेच गिजुभाईंबद्दल सर्वांत मोठा गैरसमज होतो. मुलानं कोणतं काम उचलायचं, किती वेळ करायचं हे मूल ठरवी. पण दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही, साधन वापरून झालं की जागच्या जागी ठेवायचं, ही माँटेसरी पद्धतीतली मर्यादा त्यांनी जशीच्या तशी घेतली. झाडणं, आवरणं, स्वतःची स्वच्छता राखणं हा रोजच्या कामाचाच भाग होता.

मात्र मारणं, ओरडणं, भीती घालणं बंद. आणि त्याच दमात बक्षिसं, नंबर, स्पर्धाही बंद! हे पचायला जास्त जड आहे. आज छडीला विरोध करणारे पालकही वहीवरचा ‘स्टार’ आणि पहिल्या नंबरावर आक्षेप घेत नाहीत. गिजुभाईंच्या हिशेबी धाक आणि लालूच ही एकाच गाडीची दोन चाकं. दोन्हींमुळे मूल कामाकडे नाही, मोठ्यांच्या तोंडाकडे बघत राहतं.

पहिल्याच दिवशी फजिती

गिजुभाईंनी ‘दिवास्वप्न’ हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यात लक्ष्मीराम नावाचा शिक्षक अधिकाऱ्यांकडून सरकारी प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पुस्तकं वाचून तो पूर्ण तयारीनिशी आलेला असतो. पहिल्या दिवशी माँटेसरींचा शांततेचा खेळ घ्यायला जातो, तर पोरं तोंडानं आवाज काढतात, टाळ्या पिटतात. शेवटी तो वर्गाला सुट्टी देतो, मुलं आरडाओरडा करत पळतात आणि मुख्याध्यापक त्यालाच सुनावतात.

दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि वर्ग गप्प होतो. मध्येच थांबून हजेरी घेतली तरी मुलं कुरकुर करत नाहीत, कारण पुढची गोष्ट ऐकायची असते. पुढे खेळ येतात, वर्गाचं वाचनालय येतं. भांडणंही होतात. स्वच्छतेबद्दल बोलायला पालकांची सभा बोलावली, तर फार थोडे जण फिरकतात!

शेजारच्या शिक्षकांची तक्रार असते ती आवाजाची. हा मुद्दा आजही तसाच आहे. आपल्याकडे शांत वर्ग म्हणजे शिस्तीचा वर्ग. गिजुभाईंना धाकानं आलेली शांतता खोटी वाटे. पाठ फिरली की ती संपते, हे प्रत्येक ‘ऑफ पिरियड’ने सिद्ध केलंय.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. ‘दिवास्वप्न’ ही कथा आहे, प्रयोगाचा अहवाल नाही. बालमंदिरही काही साठ मुलांच्या वर्गाला एक शिक्षक अशा परिस्थितीत चाललं नव्हतं. त्यामुळे हा फॉर्म्युला उद्यापासून कोणत्याही शाळेत लागू होईल, असं म्हणणं शिक्षकांवर अन्याय करणारं ठरेल. पण लक्ष्मीरामची फजिती ज्या बारकाव्यानं उतरली आहे, ती वर्गात उभं राहिलेल्या माणसाचीच आहे.

महाराष्ट्राशी काय संबंध?

थेट संबंध आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकारानं नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला, १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला काम केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा गैरहजेरीची शिक्षा देण्याऐवजी शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो, तो याच कामातून आलेला.

गिजुभाईंनी १९३६ मध्ये दक्षिणामूर्ती सोडली. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. ज्यांचं काम त्यांनी भारतीय मातीत रुजवलं, त्या माँटेसरी त्याच वर्षाच्या अखेरीस पहिल्यांदा भारतात आल्या.