अकोल्यात मॅट्रिक झालेले आगरकर



फळ्यावर वाक्य लिहून गुरुजी उद्देश्य आणि विधेय विचारायचे, तेव्हा आपली कशी भंबेरी उडायची, आठवते ना? मराठी वाक्याच्या या पृथक्करणावर १८८८ साली स्वतंत्र पुस्तक लिहिणारे गोपाळ गणेश आगरकर मॅट्रिक झाले ते आपल्या वऱ्हाडात, अकोल्यात.

१४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. शिकता यावे म्हणून त्यांनी कारकुनी केली, कंपाउंडरचे कामही केले. पुढे नातेवाइकांच्या आधाराने ते अकोल्यास आले. तेथे त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे एम.ए. झालेले शिक्षक लाभले. १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. अंगावर एकच सदरा. तो रात्री धुवायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा.

एम.ए. झालेल्याला तेव्हा मोठ्या पगाराची सरकारी नोकरी मिळत असे. आईलाही तीच आशा होती. पण आपण पोटापुरत्या पैशावर समाधान मानून लोकांसाठी झटणार, असे त्यांनी आईला पत्राने कळवले. १८८१ मध्ये ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि ‘केसरी’चे पहिले संपादकही.

कॉलेजात मिळवलेले इंग्रजी त्यांनी मिरवले नाही, मराठीच्या कामी लावले. शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले. ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे व्याकरणाचे पुस्तक ज्या वर्षी आले, त्याच वर्षी ‘सुधारक’ही निघाला. एकीकडे वाक्य तपासायचे, दुसरीकडे रूढी; दोन्हीकडे कशाचा कशाशी संबंध आहे, हाच प्रश्न.

दम्याने शरीर पोखरले होते. तरी १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. १७ जून १८९५ रोजी, अवघ्या ३८व्या वर्षी, ते गेले.

आज आपली मुलेबाळे विद्यापीठात इंग्रजी आणि भाषाविज्ञान शिकतात. त्याने नोकरी मिळेल का, ही आपली काळजी खोटी नाही. आगरकरांच्या आईलाही ती होतीच. पण शिकलेली भाषा घेऊन आपल्या माणसांकडे परत यायचे असते, हा धडाही मुलांना द्यायला हवा. आपल्या गुरुजनांनी तो आपल्याला दिला, म्हणून हे स्मरण त्यांच्या चरणी.