जॉन ब्राउनिंग

अमेरिकेच्या यूटा प्रांतांतील ऑग्डन गांवीं इ. स. १८५५ च्या जानेवारींत जॉन मोझेस ब्राउनिंग याचा जन्म झाला. पिता जोनाथन बंदुका घडविणारा कारागीर होता. त्याच्याच हाताखालीं जॉन ही विद्या शिकला. इ. स. १८७९ मध्यें त्याला बंदुकीचें पहिलें पेटंट मिळालें.

जुने कारागीर शस्त्राचे भाग कानशीनें घासून एकमेकांस जुळवीत. सैन्याला मात्र एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यांत बिनचूक बसावा व धूळ शिरली तरी यंत्र अडूं नये, असें हवें होतें. ब्राउनिंगनें आपोआप भरणारें पिस्तूल रचलें. पण आरंभींच्या परीक्षांत तें अडलें. खिन्न न होतां त्यानें दोष शोधून एकेक भाग सुधारला. मार्च १९११ च्या परीक्षेंत त्याच्या पिस्तुलानें ६,००० गोळ्या एकदांही न अडतां झाडल्या. प्रतिस्पर्धी पिस्तूल ३७ वेळां अडलें. अमेरिकन सैन्यानें ब्राउनिंगचें पिस्तूल स्वीकारलें व १९८५ पर्यंत तेंच प्रमाण मानलें. आजच्या पिस्तुलांचे भाग यंत्रावर कापले जातात व हातानें जुळवावे लागत नाहींत. तरी गोळी सुटतांना नळी व वरचा सरकता भाग क्षणभर एकमेकांत गुंतविण्याची त्याचीच युक्ति त्यांतील अनेकांत आढळते.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजीं बेल्जममधील लिएज येथें, कारखान्यांत असतांनाच, त्याचा अंत झाला.

शस्त्र प्राणहारक खरें. त्याचा गौरव येथें अभिप्रेत नाहीं. परंतु परीक्षेंत दिसलेला दोष न लपवितां तो मुळापासून काढणें, हा गुण प्रत्येक विद्यार्थ्यानें अवश्य घ्यावा.