बोर्लीचे घर आणि हॅरी प्राइस

भुताखेतांचा शोध घेणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या मनात दोनच कल्पना असतात: तो भोळा तरी असावा किंवा लबाड तरी. हॅरी प्राइस यांच्या बाबतीत हा निवाडा आजही झालेला नाही. १७ जानेवारी १८८१ रोजी लंडनमध्ये जन्मलेले प्राइस पोटापाण्यासाठी कागदाच्या व्यवसायात फिरते विक्रेते होते. जादूचे प्रयोग हा त्यांचा जुना छंद. हातचलाखी स्वतःला येत असल्याने इतरांची ती त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मृतात्म्यांची छायाचित्रे काढून देणाऱ्या विल्यम होप यांचे बिंग त्यांनी १९२२ मध्ये खुणा केलेल्या काचांच्या साहाय्याने फोडले. १९२६ मध्ये त्यांनी लंडनला अतींद्रिय घटनांच्या संशोधनाची स्वतःची प्रयोगशाळाही काढली.

असा कीर्तिवंत माणूस १२ जून १९२९ रोजी एसेक्समधील बोर्ली या खेड्यात पोहोचला. तेथील धर्मोपदेशक गाय एरिक स्मिथ आणि त्यांची पत्नी हे भारतातून आलेले दांपत्य. चर्चने राहायला दिलेले १८६३ सालचे ते अवाढव्य, कुबट घर त्यांच्या नशिबी आले. रात्री पावले वाजत, घंटा आपोआप किणकिणत आणि बागेत ननचे भूत फिरते अशी गावात वदंता होती. घाबरलेल्या स्मिथ यांनी 'डेली मिरर'ला पत्र लिहिले, ते केवळ अशा घटनांचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या संस्थेशी गाठ घालून द्यावी म्हणून. वृत्तपत्राने मात्र आधी बातमीदार पाठवला आणि मागून प्राइस यांना. प्राइस आले त्याच दिवसापासून घरात दगड पडू लागले, वस्तू फेकल्या जाऊ लागल्या. हा योगायोग पुढे त्यांना फार महाग पडला. बातम्या वाचून बघ्यांची झुंबड उडाली आणि काही आठवड्यांतच स्मिथ यांनी ते घर सोडले. भय निवारण्यासाठी मागितलेल्या मदतीचे फलित हे असे झाले. आपण त्या घराला कधीच झपाटलेले मानत नव्हतो, असे श्रीमती स्मिथ यांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

१९३० मध्ये तेथे फॉयस्टर कुटुंब आले आणि प्रकार वाढले. भिंतींवर श्रीमती फॉयस्टर यांना उद्देशून मजकूर उमटू लागला. १९३१ मध्ये पाहणी करून प्राइस यांनी या साऱ्यामागे खुद्द या बाईच असल्याचा निष्कर्ष काढला. यजमानांना तो अर्थातच रुचला नाही. आश्चर्य असे, की १९४० साली बोर्लीला इंग्लंडमधील सर्वांत झपाटलेले घर ठरवणारे पुस्तक लिहिताना त्यांनी हा संशय बराचसा झाकून ठेवला.

तरीही त्यांच्या कामाचा एक भाग दाद देण्याजोगा आहे. मे १९३७ मध्ये त्यांनी ते रिकामे घर वर्षभरासाठी भाड्याने घेतले आणि 'टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन ४८ निरीक्षक जमवले. प्रत्येकाच्या हाती सूचनांची छापील पुस्तिका दिली: घटनेची वेळ नोंदवा, वस्तूंभोवती खडूने रेघ ओढा, दारे मोहोरबंद करा. भुताचा माग काढण्यासाठी इतक्या शिस्तीने पहारा क्वचितच बसला असेल. हाती मात्र फारसे काही आले नाही. २७ फेब्रुवारी १९३९ च्या रात्री नव्या मालकाच्या हातून तेलाचा दिवा कलंडला आणि घर जळाले. १९४३ मध्ये तळघर खणताना मिळालेली काही हाडे त्या ननची असावीत, असे प्राइस मानत. ती जवळच्या लिस्टन गावी विधिपूर्वक पुरण्यात आली.

२९ मार्च १९४८ रोजी प्राइस यांचे निधन झाले. त्यानंतर एका पत्रकाराने सांगितले, की १९२९ च्या त्या भेटीत आपल्याला खडा लागला तेव्हा प्राइस यांच्या कोटाच्या खिशात दगडगोटे सापडले होते. १९५६ मध्ये डिंगवॉल, गोल्डनी आणि हॉल या तिघा अभ्यासकांनी सारी कागदपत्रे तपासून प्राइस यांच्यावर कठोर ठपका ठेवला. १९६९ मध्ये त्याचे तपशीलवार खंडनही प्रसिद्ध झाले. जादू आणि भूतविद्येवरील त्यांचा मोठा ग्रंथसंग्रह लंडन विद्यापीठाकडे आहे. चलाखी कशी करावी आणि ती कशी पकडावी, या दोन्ही विषयांची पुस्तके त्यात आहेत.