कर्णधार विठ्ठल पालवणकर : खेळ चालतो, नेतृत्व का चालत नाही?

कोल्हापूर ही मल्लांची नगरी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले आणि तांबड्या मातीला राजाश्रय दिला. कुस्तीचा निकाल उघड असतो. पाठ मातीला लागली की जोड हरली. त्यासाठी कुणा समितीची बैठक भरत नाही. सायकलच्या शर्यतीचेही तेच. इटलीतला ओत्ताविओ बोत्तेक्किया हा एक गरीब गवंडी. त्याने १९२४ आणि १९२५ अशी सलग दोन वर्षे टूर द फ्रान्स ही सायकलींची सर्वांत मोठी शर्यत जिंकली. घड्याळाने त्याचे कूळ विचारले नाही.

पण संघाच्या खेळात एक जागा अशी असते, जी घड्याळ ठरवत नाही आणि मातीही ठरवत नाही. ती जागा कर्णधाराची. ती माणसे ठरवतात. आणि आपल्या देशात माणसे ठरवू लागली की जात आडवी येते. पालवणकर बंधूंचा इतिहास आम्हाला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघे भाऊ चर्मकार समाजातले. थोरल्या बाळूंनी पुण्यात क्रिकेटच्या मैदानाची झाडलोट करून, खेळपट्टीवर रोलर फिरवून महिन्याला मोजके रुपये कमावले. गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा मैदानावरचा नोकर देशातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदू संघाला बळी मिळवून देणारा हात हवा होता, म्हणून त्यांना संघात घेतले गेले. मात्र चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! इकडे कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात सर्वांदेखत चहा घेत होते. राजाला जे जमले, ते पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या खेळाडूंना जमत नव्हते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढे कर्तृत्व गाठीशी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही.

१९२० हे साल आपण कधीही विसरू नये. त्या वर्षी मार्च महिन्यात करवीर संस्थानातल्या माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. शाहू महाराज स्वतः आले आणि हाच तुमचा पुढारी, असे त्यांनी समाजाला जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत चौरंगी सामने होते. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे संघ त्यात उतरत. निवड समितीने बाळूंना वगळले आणि कर्णधारपद एम. डी. पै या ब्राह्मण खेळाडूला दिले. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघाबाहेर पडले. त्यांनी वृत्तपत्रात निवेदन देऊन सांगितले की, जातीमुळे डावलले जाणे हा आमचा अपमान आहे आणि तो आम्ही सोसणार नाही. त्या काळी अस्पृश्य खेळाडूने असे उघडपणे बोलणे ही साधी गोष्ट नव्हती. खेळ हीच त्यांची ओळख होती, तीच त्यांनी पणाला लावली. अखेर समितीला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि पालवणकर पुन्हा मैदानात उतरले.

झगडा तिथे संपला नाही. विठ्ठल तेव्हा संघाचे भरवशाचे फलंदाज होते, तरीही कर्णधारपदासाठी त्यांना आणखी तीन वर्षे थांबावे लागले. १९२३ साली ते हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्याच वर्षी त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. त्यांच्याच नेतृत्वाखाली हिंदू संघाने १९२५ आणि १९२६ सालीही ही स्पर्धा जिंकली. चार वर्षांत तीन विजेतेपदे! अस्पृश्याच्या अंगी नेतृत्वाचे गुण नसतात, असे म्हणणाऱ्यांना याहून स्वच्छ उत्तर कोणते?

इंग्लंडही याबाबत फार उजळ नव्हते. पैसे घेऊन खेळणारा तो खालचा आणि हौसेने खेळणारा तो साहेब, असा भेद तिथे होता. व्यावसायिक खेळाडू असलेल्या लेन हटन यांना इंग्लंडचे कर्णधारपद मिळायला १९५२ साल उजाडले. पण तिथला भेद पैशाचा होता, तो मिटवता येत होता. इथला भेद जन्माचा होता.

म्हणून खांद्यावरच्या त्या मिरवणुकीने आम्ही हुरळून जात नाही. १९२३ मध्ये ज्या समाजाच्या कर्णधाराला लोकांनी खांद्यावर घेतले, त्याच समाजाला १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. एका माणसाचा सत्कार झाला म्हणजे समाजाची मुक्ती होत नाही. बाबासाहेबांनी हे ओळखले होते.

थोरले बाळू पुढे काँग्रेसच्या वाटेने गेले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहून पराभूत झाले. चळवळीला ही गोष्ट सलते आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण राजकारणातील मतभेदांमुळे मैदानावरचा स्वाभिमानाचा लढा खोटा ठरत नाही. तो इतिहास आपला आहे.

विठ्ठल यांनी आपली हकीकत स्वतः मराठीत लिहून ठेवली. १९७१ साली त्यांचे निधन झाले. मराठी शाळेतल्या किती पोरांना त्यांचे नाव ठाऊक आहे? कोल्हापुरात तालमी आहेत, क्रीडा मंडळे आहेत, शाहू जयंतीचे कार्यक्रम आहेत. तिथे या कर्णधाराचे चरित्र सांगितले गेले पाहिजे. राबायला आमचा हात चालतो, जिंकून द्यायला आमचा घाम चालतो, मग निर्णयाच्या खुर्चीवर आम्ही का चालत नाही? विठ्ठल पालवणकरांनी हा प्रश्न १९२० साली विचारला. ज्या ज्या संस्थेत तो आजही विचारावा लागतो, तिथे तो विचारणे हे आपले काम आहे.